एकाच बाजूनं जेवणारी मुलगी

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी साडेआठ वर्षांची. दोन वर्षांपासून प्रत्येक घास उजव्या बाजूनंच चावते. तोंड मिटताना हनुवटी उजवीकडे सरकते, फोटोत चेहरा किंचित तिरका दिसतो. भाकरी, काकडी, शेंगदाणे खायला फार वेळ लागतो आणि शाळेचा डबा अर्धा परत येतो. ‘डावीकडून चाव’ असं रोज सांगून झालं, आता जेवताना रागावणं आणि रडारड सुरू झाली आहे. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडले की सगळं आपोआप सरळ होईल. तालुक्याच्या दंतवैद्यांनी वरचा जबडा अरुंद आहे असं सांगून टाळूला प्लेट बसवायचं सुचवलं आहे. आईचा स्वतःचा जबडा जांभई देताना कानाजवळ ‘कट’ असा वाजतो. आपलंच मुलीत उतरलं आणि पुढे तिचाही सांधा खराब होणार, ही तिची भीती. प्रश्न असा: ही वाईट सवय मोडावी कशी, थांबावं, की प्लेट लावावी?

ताई,

जेवणाच्या ताटावरचं तुमचं सगळं भांडण ‘वाईट सवय’ या शब्दापासून सुरू होतं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. उजवीकडून चावायचं हे तुमच्या लेकीनं ठरवलेलं नाही. चावण्याची लय मेंदूच्या देठात तयार होते. चालताना पाऊल कुठे टाकायचं याचा आपण विचार करत नाही, तसंच हे. प्रत्येक दाताच्या मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं आणि त्यात दाब ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. कुठला दात आधी टेकला, किती जोरात टेकला, ही खबर तिथून क्षणात वर पोहोचते आणि पुढच्या वेळी जबडा तो अडथळा चुकवून मिटतो. तुम्ही सांगितलेलं तिला दोन घास लक्षात राहील. तिसऱ्या घासाला तिचं लक्ष गोष्टीत गेलं, की जबडा पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेनं जाणार.

ती वाट कशी असते ते आधी सांगते, म्हणजे दंतवैद्य नेमकं काय म्हणाले ते कळेल. वरच्या दातांची कमान खालच्या कमानीपेक्षा थोडी मोठी असते. डब्यावर झाकण बसावं तशी ती खालच्या दातांना बाहेरून झाकते. नीट बसणाऱ्या चाव्यात उजवीकडे शेंगदाणा चावताना खालचा जबडा आधी खाली उतरतो, वर येताना उजवीकडे बाहेर झुकतो आणि शेवटी आत सरकत दाढा एकमेकींत बसतात. समोरून पाहिलं तर हनुवटीचं टोक हवेत एक उभट थेंब काढतं. पुढच्या दातांमध्ये दीड-दोन सेंटीमीटर अंतर पडतं, बाजूला ३ ते ५ मिलिमीटर, आणि एक फेरी सेकंदाच्या आत संपते. यातला शेवटचा, आत सरकण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. वरून दाबल्यानं शेंगदाण्याचे तुकडे होतात. त्याचं कूट होतं ते दाढ दाढेवरून घासत जाते तेव्हा, पाट्यावर वरवंटा ओढतो तसं.

वरचा जबडा अरुंद असला की झाकण डब्यापेक्षा लहान होतं. मग एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेर येतात. यालाच क्रॉसबाइट म्हणतात, साध्या भाषेत उलटा चावा. अशा बाजूला जबडा नेहमीसारखा बाहेर झुकून आत आला, तर उंचवटे एकमेकांवर आदळतील. म्हणून तिथे फेरीची दिशाच बऱ्याचदा उलटते. उघडतानाच जबडा घासाच्या बाजूला जातो आणि मिटताना आतून बाहेर येतो. दाढा एकमेकींवर याव्यात म्हणून शरीरानं काढलेली ही तडजोड आहे. पण हालचाल आखूड होते, त्या बाजूच्या गालाच्या स्नायूचा जोर कमी पडतो आणि दळणं अपुरं राहतं. भाकरीला लागणारा वेळ आणि अर्धा परत येणारा डबा यांचं हे एक कारण असू शकतं. त्याला आळस किंवा खाण्याचा कंटाळा समजू नका.

आता हनुवटीचं सरकणं. या वयाच्या मुलांत एकाच बाजूला दिसणारा उलटा चावा पुष्कळदा मुळात दोन्ही बाजूंचा अरुंदपणा असतो. जबडा सरळ वर आला तर दोन्हीकडच्या दाढा टोकावर टोक अशा टेकतात, किंवा दुधाचा सुळा आधी आडवा येतो. टोकांवर कुणालाच नीट चावता येत नाही. मग शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये जबडा एका बाजूला घसरतो आणि तिथे घट्ट बसतो. तुमच्या लेकीचं वर्णन या चित्राशी जुळतं. तसं असेल तर घास डावीकडे ठेवला काय आणि उजवीकडे ठेवला काय, तोंड पूर्ण मिटताना जबडा उजवीकडेच जाणार. गिळताना दात टेकतात तेव्हाही हेच, आणि गिळणं दिवसात शेकडो वेळा होतं. ‘डावीकडून चाव’ हा आग्रह म्हणूनच फळत नाही. त्यातून गाल चावला जातो, जेवणाची भीती बसते, बाकी हाती काही येत नाही. तो आग्रह आजपासून पूर्ण थांबवा, ही माझी पहिली विनंती.

हे घरी पडताळून पाहता येतं. तिला दिवसाच्या उजेडात, पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीत ताठ बसवा. ओठ बोटांनी हलकेच बाजूला करा आणि वरच्या दोन मधल्या दातांमधली फट व खालच्या दोन मधल्या दातांमधली फट पाहा. आधी तोंड मोठं उघडायला सांगा. दोन्ही फटी एका उभ्या रेषेत येतात का? मग जिभेचं टोक टाळूला जमेल तितकं मागे लावून अगदी हळू मिटायला सांगा आणि पहिला दात टेकताच ‘थांब’ म्हणा. कुठला दात टेकला? आता पूर्ण चावायला सांगा. उघड्या तोंडात जुळणाऱ्या फटी मिटल्यावर चुकत असतील, तर जबडा घसरतो आहे. दोन्ही वेळा सारख्याच चुकत असतील तर कारण वेगळं: दातांची जागा हललेली असेल किंवा जबड्याच्या दोन बाजूंची वाढ कमीजास्त असेल. या दोहोंचे उपचार वेगळे आहेत, म्हणून हा फरक दंतवैद्यांकडूनही स्पष्ट करून घ्या. शिवाय फोन चेहऱ्याच्या उंचीवर ठेवून, स्लो मोशनमध्ये, गाजराचा तुकडा चावताना २०-३० सेकंदांचा व्हिडिओ काढा, आधी उजवीकडून, मग डावीकडून. दवाखान्याच्या खुर्चीत मुलं अवघडून चावतात. घरचा व्हिडिओ डॉक्टरांना बरंच जास्त सांगतो.

प्लेटचा निर्णय घेण्याआधी एक साधी गोष्ट तपासा. ती डावी बाजू टाळते, त्यामागे दुखणं तर नाही ना? दुधाच्या दाढांमधली कीड दोन दाढांच्या मधल्या फटीत लपते आणि वरून दिसत नाही. मूल ‘दुखतंय’ म्हणत नाही, मुकाट्यानं बाजू बदलतं. जुनं सिमेंट निघालेलं असणं, पडायला आलेला हलता दात, हिरडीवर बारीक फोडी, यांतलं काहीही पुरेसं कारण असतं. लहान एक्स-रे काढला की उत्तर मिळतं. शिवाय उलटा चावा नसलेली माणसंही एका बाजूला जास्त चावतात, त्यामुळे नुसती बाजू पाहून निदान करता येत नाही. आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा: ती अंगठा चोखायची का, किंवा अजून चोखते का, आणि रात्री तोंड उघडं ठेवून, घोरत झोपते का. अंगठ्यानं गालांचा दाब वाढतो, जीभ खाली राहते आणि वरची कमान अरुंद होते. घोरत असेल तर नाकामागच्या वाढलेल्या गाठीसाठी (ॲडेनॉइड) कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवायला हवं, नाहीतर जागा करून दिली तरी मूळ कारण तसंच राहतं.

सासूबाईंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पुढचे दात थोडे वेडेवाकडे येतात आणि पुढे पुष्कळ जुळून येतात, हे त्यांनी घरात पाहिलं असणार. काही मुलांचा उलटा चावाही अंगठा सुटल्यावर सुधारतो, पण तो लहान वयात. तुमच्या लेकीला सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ बहुतेक चारही बाजूंना आलेली असेल. उजवीकडची तीच दाढ उलटी बसली असेल, तर ती काही पडणार नाही. शिवाय दुधाच्या दाढा बाराव्या वर्षापर्यंत टिकतात. तोवर थांबायचं म्हणजे साडेतीन वर्षं जबडा रोज तिरक्या जागी मिटणार, आणि ही वर्षं वाढीची आहेत. उजवीकडे घसरलेल्या जबड्यात कानाजवळच्या डाव्या सांध्यातलं जबड्याच्या हाडाचं डोकं आपल्या खोबणीत पुढे-खाली ओढलेलं राहतं आणि उजवीकडचं आत बसतं. मूल वाढतं तसं हाड आणि स्नायू या तिरपेपणाशी जुळवून घेऊ शकतात. आज जी घसरण आहे ती पुढे हाडातला फरक होऊ शकते. सगळ्यांचं तसं होतंच असं नाही, पण वाट पाहण्याच्या बाजूला मांडावं असंही फारसं काही दिसत नाही.

म्हणून घसरण खरी ठरली, तर माझा कौल प्लेटच्या बाजूनं. वरच्या जबड्याची दोन अर्धुकं टाळूच्या मधोमध एका शिवणीनं जोडलेली असतात. या वयात ती शिवण सैल असते, म्हणून प्लेटच्या हळूहळू दाबानं ती उघडून जबडा रुंद करता येतो. वयात आल्यावर ती घट्ट गुंतत जाते आणि मोठ्या माणसांत हेच काम हाडात बसवलेल्या छोट्या स्क्रूंच्या आधारानं किंवा शस्त्रक्रियेनं करावं लागतं. अडथळा नुसत्या दुधाच्या सुळ्याचा असेल, तर त्याचं टोक घासूनही काही लहान मुलांचं काम भागतं, हे विचारून घ्या. साडेआठव्या वर्षी, कायमची दाढही उलटी असताना, तेवढ्यानं भागण्याची शक्यता कमी.

प्लेट दोन तऱ्हेची. एक काढ-घाल करता येणारी, मध्ये स्क्रू असलेली. दुसरी दाढांना कड्यांनी चिकटवलेली. दोन्हींतला स्क्रू छोट्या चावीनं फिरवायचा असतो. चावीचा एक फेरा म्हणजे स्क्रूचा पाव वळसा, त्यानं साधारण पाव मिलिमीटर जागा होते. समजा ५ मिलिमीटर हवे आहेत, म्हणजे २० फेरे. काढता येणाऱ्या प्लेटला आठवड्यात एक-दोन फेरे देतात, म्हणजे अडीच ते पाच महिने. चिकटवलेल्या प्लेटला बहुधा रोज एक, म्हणजे तीन आठवडे. वेग डॉक्टर ठरवतील, तुम्ही फेरे तारखेसह कॅलेंडरवर खुणा करून मोजा. चावीला आधी दातांच्या फटी साफ करायचा दोरा (फ्लॉस) बांधा आणि त्याचं टोक आपल्या बोटाला गुंडाळा, म्हणजे हात सुटला तरी चावी घशात जाणार नाही. भोकात चावी घालून बाणाच्या दिशेनं, पुढून मागे, पूर्ण ढकला. पुढचं भोक स्पष्ट दिसलं तरच फेरा पूर्ण झाला. अर्ध्यावर सोडला, किंवा चावी बाहेर काढताना स्क्रू परत पुढे ओढला गेला, की दुसऱ्या दिवशी चावी घालायला भोकच सापडत नाही. चिकटवलेल्या प्लेटच्या काही दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडली तर घाबरू नका. शिवण उघडत असल्याची ती खूण आहे आणि काही महिन्यांत ती फट बहुतेक आपसूक मिटते. काढता येणाऱ्या प्लेटचं खरं दुखणं वेगळं: ती तोंडात नसते. शाळेत डब्याशेजारी कागदात गुंडाळून ठेवलेली प्लेट कचऱ्यात जाते. चार दिवस घातली नाही की ती बसत नाही, आणि न घालता फेरे देत राहिलं तर मुळीच बसत नाही. तुमची लेक प्लेट सांभाळेल याची खात्री नसेल तर चिकटवलेली मागा. यात मुलीचा कमीपणा काही नाही.

पहिले तीन-चार दिवस लाळ सुटते, ‘स’ आणि ‘श’ बोबडे येतात, दाढांना ठणका लागतो. मऊ भात, वरण, खिचडी, उपमा द्या. चिक्की, ऊस, च्युइंगगम प्लेट असेतो बंद. जेवल्यावर टाळू आणि प्लेटच्या फटीत अडकलेले कण खळखळून काढा, नाहीतर टाळू लाल होऊन सुजतो. हवी तेवढी जागा झाली की लगेच प्लेट काढायला सांगू नका. शिवणीत नवं हाड भरायला तीन ते सहा महिने ती तशीच ठेवावी लागते. उलटा चावा परत येतो तो बऱ्याचदा इथल्या घाईमुळे.

चावा सरळ झाला म्हणजे चावणं त्याच दिवशी सरळ होत नाही, हेही आधीच सांगून ठेवते. हनुवटी बहुतेक लवकर मधोमध येते. उलट्या फेऱ्यांची जुनी लय सुटायला काही महिने लागू शकतात आणि काही मुलांत ती थोडी उरतेही. तेव्हा, म्हणजे प्लेट निघाल्यावर, दोन्ही बाजूंनी चावायची खेळकर आठवण उपयोगी पडते: गाजर, पेरू, भाजलेलं कणीस, अर्धे घास इकडे, अर्धे तिकडे. आत्ता नाही.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचा, म्हणजे दात-जबडे सरळ करण्याचा, वेगळा विभाग आहे. गोव्यातल्या वाचकांना बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. पण फेऱ्या बऱ्याच होतात, प्रवासाचा हिशेब धरून ठरवा. निदान एकदा तरी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस ही पुढची पदवी घेतलेल्या डॉक्टरांचं मत घ्या.

इतर वाचकांसाठी थोडं. वरचे पुढचे दात खालच्यांना फार खोल झाकत असतील, तर जबड्याला बाजूला सरकायला जागा उरत नाही आणि चावणं अडकित्त्यासारखं वर-खाली होतं. पुढचे दात टेकतच नसतील तर शेवया किंवा पोळीचा तुकडा पुढून तुटत नाही, जीभ मदतीला येते. खालची एक दाढ काढून जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवली, की मागची दाढ तिच्यात कलते, वरची खाली उतरते आणि नवा अडथळा तयार होतो. मूल हनुवटीवर पडलं आणि त्यानंतर तोंड उघडताना जबडा एका बाजूला वळू लागला, तर जखम भरली म्हणून गप्प बसू नका. कानाजवळच्या सांध्याचं हाड मोडलेलं असू शकतं, त्याच दिवशी एक्स-रे काढा.

आता तुमचा जबडा. त्या सांध्यात हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. ती जरा पुढे सरकलेली असली, की तोंड उघडताना सांध्याचं डोकं तिच्यावर परत चढतं आणि ‘कट’ आवाज येतो. असा आवाज खूप जणांच्या जबड्यात असतो. दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्याला उपचार लागत नाही. अरुंद टाळू घराण्यात असू शकतो, पण तुमचा आवाज मुलीत ‘उतरला’ असं म्हणता येत नाही. उलटा चावा असला म्हणजे सांधा पुढे दुखणारच, असंही नाही. सांध्याच्या दुखण्यात ताण, झोपेत दात खाणं, मार लागणं यांचा वाटा असतो आणि चाव्याशी असलेला संबंध लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे. म्हणून लेकीची प्लेट चावण्यासाठी आणि वाढीसाठी लावा, भविष्यातल्या सांधेदुखीच्या धास्तीनं नको. आणि तुमचा आवाज घालवायला कुणी चांगले दात घासून ‘चावा सारखा’ करून देतो म्हणालं, तर नको म्हणा. घासलेला दात परत येत नाही.

स्वतःसाठी एवढं करा. जेवण सोडून इतर वेळी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला सैल टेकलेली ठेवा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा, ती जायला हवीत. दोनच जात असतील, जबडा मध्येच अडकत असेल किंवा चावताना दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं असेल, तर दाखवा. घरात कुणी सुपारी, मावा किंवा गुटखा खात असेल आणि त्याचं तोंड कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल, तर तो सांध्याचा प्रश्न समजू नका. गालाच्या आतली कातडी आखडण्याचा तो आजार असू शकतो आणि त्यातून कर्करोगाचा धोका असतो. त्या माणसाला याच आठवड्यात तपासायला न्या.

दंतवैद्यांकडे पुढच्या वेळी जाताना फोनमधला व्हिडिओ घेऊन जा आणि चारच गोष्टी विचारा. जबडा घसरतो आहे की हाडातच फरक आहे? पहिला कुठला दात टेकतो? एकूण किती मिलिमीटर रुंदी हवी, म्हणजे किती फेरे? आणि प्लेट नंतर किती महिने तोंडात राहणार? उत्तरं कागदावर लिहून घ्या. प्लेट निघाल्यावर सहा महिन्यांनी त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, तसाच गाजराचा तुकडा देऊन दुसरा व्हिडिओ काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.